पेपर चिकटवा भिंतीवर: स्वस्त लेन्सबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो की पंधरा हजाराच्या आतही कामाची लेन्स भेटते, अन् तेव्हापासून स्टुडिओत गिऱ्हाईक कमी अन् तुमचे प्रश्न जास्त येऊन राहिले. व्हॉट्सॲपवर आले, पोस्टकार्डावर आले, एकानं तर दूधवाल्याच्या हाती चिठ्ठी पाठवली. सगळे छापता येत नाहीत, बरेचसे सारखेच आहेत, म्हणून निवडून घेतले. माझं दुकान तालुक्याच्या गावात आहे, लग्न, पासपोर्ट, बारसं, तेरवीच्या फोटोची फ्रेम सगळं करतो, लॅबमधली मशीन काही माझ्याजवळ नाही, त्यामुळं जे सांगतो ते भिंत, पेपर अन् टॉर्च यांच्या भरवशावर सांगतो हे ध्यानात ठेवा.

प्रश्न: भाऊ, माझ्याजवळ कॅनन १५००डी आहे अन् सोबत आलेली १८-५५ ची झूम लेन्स. या सीझनला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत. एक जण जुनी ५० एमएम १.८, ती दोन नंबरवाली, चार हजारात देऊन राहिला. नवी, शांत मोटरवाली एसटीएम घेतो म्हटलं तर दुपटीच्या वर जाते. मित्र म्हणून राहिले की जुनी शार्प नाही, फेकून दे. कोणती घेऊ?
— एक वाचक, घाटंजी

उत्तर: मित्रांना सांगा, फेकायची असंन तर माझ्याकडं फेका. १९९० ची ती दोन नंबरवाली अन् २०१५ ची एसटीएम, दोघींच्या पोटात भिंगांची मांडणी जवळपास तीच आहे, पाच गटांत सहा भिंगं. नवीवर कोटिंग, म्हणजे काचेवरचा लेप, सुधारलेलं आहे, म्हणून समोरून उजेड आला की ती जरा बरी सांभाळते, पण एफ ४ वर (एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्समधलं उजेडाचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं) काढलेले दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर मला तरी कोणता कोणत्या लेन्सचा ते ओळखता येत नाही.

ही मांडणी काही आजची नाही. १८९६ साली जर्मनीत झाईस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी प्लॅनार नावाची लेन्स केली, तिच्यापासून हे घराणं चालत आलं. मधात ॲपर्चर अन् त्याच्या दोन्ही अंगाला एकमेकांच्या आरशातल्या सारखी भिंगं, त्यामुळं एका बाजूनं केलेली चूक दुसरी बाजू बऱ्यापैकी खोडून काढते. त्यात कॅननच्या डीएसएलआरमध्ये माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, फोटो टिपणारा सेन्सर ४४ एमएम मागं असतो, कारण मधात आरसा वरखाली होतो, अन् पन्नासच्या लेन्सला तेवढी जागा आरामात पुरते. अठराची किंवा चोवीसची लेन्स तिथं बसवायची म्हटलं तर पुढं जास्तीची भिंगं घालून उजेडाला वळण द्यावं लागते, अन् प्रत्येक भिंगाचे पैसे लागतात. पन्नासची लेन्स स्वस्त असते ती अशी, बनवायला सोपी म्हणून. कंपनीनं काचेत काटकसर केली असं समजून तिच्याकडं नाक मुरडू नका.

काटकसर केली ती बाहेरून. जुनीचा माउंट प्लास्टिकचा, फोकसची रिंग समोर करंगळीएवढी, हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजते, अन् टेबलावरून पडली की समोरचा भाग एकीकडं अन् मागचा एकीकडं होऊ शकतो. मोटर घर्रर्र करते, व्हिडिओत तो आवाज येतो अन् नवरीचा बाप तेच ऐकत बसतो. ॲपर्चरला पाच पाकळ्या, म्हणून एफ २.८ च्या पुढं मागच्या माळेचे दिवे पंचकोनी दिसतात. एसटीएमला माउंट धातूचा, पाकळ्या सात, मोटर शांत, अन् जुनी पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही तिथं नवी पस्तीसपर्यंत जाते, म्हणजे मेंदी अन् अंगठी काढताना फरक पडतो. नवीची एक खोड आहे, तिची फोकस रिंग कॅमेरा चालू असतानाच काम करते अन् समोरची नळी बाहेर आलेली असताना कॅमेरा बंद केला तर ती तशीच बाहेर राहते. तशा अवस्थेत बॅगेत कोंबू नका, नळीला दणका बसला तर मोटरची वाट लागते.

आता शार्पपणाचं. एफ १.८ वर दोन्ही थोड्या मऊ आहेत, उजेडाच्या कडांना जांभळी झालर येते, २.८ वर बऱ्याच सुधारतात अन् ४ ते ५.६ वर कडक होतात. पण माझा अनुभव असा की पोरं जिला मऊ लेन्स म्हणतात ती दहापैकी आठ वेळा मऊ नसते. तुमच्या कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम सहा सेंटीमीटर जागा फोकसमध्ये राहते. नवरदेवाचं नाक धरलं तर कान गेले. तो हलला, तुम्ही हलले, पुरोहितानं धक्का दिला, गेलं. दोघांचा जोडीनं फोटो असंन तर निदान ३.५ किंवा ४ वर या, मग लेन्सला शिव्या द्या.

अजून एक, हे कोणी सांगत नाही अन् मग पोरगं फसते. १५००डी चा सेन्सर लहान, म्हणून त्यावर पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते, १.६ नं गुणायचं. आपल्याकडं हळद लागते ती दहा बाय दहाच्या खोलीत, तिथं पाठ भिंतीला टेकवली तरी नवरीसोबत करवल्या बसत नाहीत. म्हणून १८-५५ विकू नका. पन्नासची जोडीला ठेवायची, एकटी नाही.

घ्यायची कोणती? धंद्यासाठी असंन तर एसटीएम घ्या, भर लग्नात मोटर बसली तर नवरदेव काही परत घोड्यावर चढत नाही. जुनी फक्त शिकायला किंवा बॅगेत दुसरी म्हणून, अन् तिचे चार हजार मी दिले नसते, अडीचपर्यंत ठीक, तेही पुढच्या उत्तरातली तपासणी केल्यावर.

प्रश्न: सर, यूट्यूबवर प्रत्येक स्वस्त लेन्सबद्दल म्हणतात की कोपरे सॉफ्ट आहेत. काही जण आलेख दाखवतात, ते समजत नाही. आपण घरी स्वतः कशी तपासावी? सेकंड हॅण्ड घ्यायची आहे.
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, वरोरा

उत्तर: ताई, आलेखाचं थोडक्यात सांगतो. आडव्या रेषेवर फोटोच्या मध्यापासून किती एमएम बाहेर गेलो ते असते, उभ्यावर काळं-पांढरं किती स्वच्छ वेगळं दिसते ते. दहा रेघा प्रति एमएमची ओळ वर असली की फोटोत दम दिसतो, तीसची ओळ वर असली की बारीक तपशील दिसतो. पण बऱ्याच कंपन्यांचे आलेख कॉम्प्युटरवर गणित करून काढलेले असतात, तुमच्या हातात आली ती लेन्स कोणी मोजलेली नसते. म्हणून आपला पेपर बरा.

कालचा पेपर घ्या, पूर्ण पान उघडं, बारीक अक्षराच्या जाहिरातींचं असंन तर सोन्याहून पिवळं. भिंतीवर आडवा करून चारी कोपऱ्यांना टेप लावा, मधात फुगा राहू देऊ नका. पन्नासची लेन्स असंन तर साध्या डीएसएलआरवर चारेक फुटांवरून पान फ्रेममध्ये भरते. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसंन तर स्टूल अन् त्यावर गव्हाचा डब्बा, पण लेन्स पानाच्या बरोबर मधात अन् भिंतीला समांतर पाहिजे, इथंच लोक चुकतात अन् लेन्सला नावं ठेवतात. लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावर, मोठं करून मधल्या अक्षरावर फोकस करा, दोन सेकंदाचा टायमर लावा, आयएस, म्हणजे हाताचं हलणं सावरणारी सोय, असंन तर बंद करा. मग सर्वात उघड्या ॲपर्चरवर एक, २.८ वर एक, ४ वर, ८ वर, १६ वर. लॅपटॉपवर पूर्ण मोठं करून पाहायचं, मोबाईलवर नाही, मोबाईलवर सगळंच शार्प दिसते.

आता वाचायचं कसं? चारी कोपरे सारखेच मऊ अन् ८ वर सुधारले तर ती त्या लेन्सची जात आहे, स्वस्तात तेवढं चालते, कोपऱ्यात तसंही कोणाची सासू उभी नसते. पण डावा कोपरा कडक अन् उजवा पुसट, अन् कॅमेरा उलटा करून काढला तरी फोटोतली तीच बाजू पुसट, तर आतलं भिंग सरकलेलं आहे, ती लेन्स कोणत्याही भावात घेऊ नका. एफ १६ वर सगळंच थोडं मऊ झालं तर घाबरू नका, ॲपर्चरचं भोक बारीक झालं की उजेड कडेनं पसरतो, लाखाच्या लेन्सलाही ते चुकत नाही. अन् लाइव्ह व्ह्यूत अक्षर कडक पण डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमधून काढलं की दर वेळी पुसट, असं होत असंन तर काच चांगली आहे, कॅमेरा अन् लेन्सचा फोकसचा मेळ बसत नाही. महागड्या बॉडीत तो मेनूतून जुळवता येतो, आपल्या साध्या बॉडीत ती सोय नसते, मग सर्व्हिस सेंटर किंवा दुसरी लेन्स.

सेकंड हॅण्ड पाहताना खिशात टॉर्च न्या. मागून टॉर्च मारायचा अन् समोरून तिरपं पाहायचं. धूळ चार-सहा कण दिसतीलच, नव्यातही असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू म्हणजे बुरशी. दुधाळ पापुद्रा म्हणजे फोटो फिके येणार. समोरच्या काचेवर एखादी रेघ असली तर फोटोत दिसत नाही, उलट त्यावरून पैसे पाडून मागा, पण मागच्या काचेवरचा ओरखडा सोडू नका, तो दिसतो. ॲपर्चरच्या पाकळ्यांवर तेल चकाकून राहिलं का पाहा. झूम असंन तर तोंड खाली करून धरा, नळी आपोआप घसरली तर बांधणी ढिली पडली. हलवून पाहताना मात्र एक ध्यानात ठेवा, आयएसवाली लेन्स बंद असताना आतून थोडी खुळखुळतेच, तो दोष नाही. विकणारा घाई करून राहिला असंन तर चहा मागवा.

प्रश्न: निकॉन डी३२०० आहे. शाळेच्या कार्यक्रमासाठी ५० एमएम १.८डी आणली. ऑटोफोकस होतच नाही. दुकानदार म्हणतो लेन्स चांगली आहे, कॅमेरा दाखवा. कॅमेरा दाखवला तर ते म्हणतात कॅमेरा चांगला आहे, लेन्स दाखवा. मी काय करू?
— एक शिक्षक, हिंगणघाटजवळचे खेडे

उत्तर: गुरुजी, दोघंही खरं बोलले, फक्त तुम्हाला पूर्ण कोणी सांगितलं नाही. डी लेन्समध्ये मोटरच नसते, कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर पेचकसासारखी लेन्सला फिरवते, अन् डी३२०० च्या बॉडीत ती मोटर नाही. डी३००० अन् डी५००० या घराण्यातल्या कोणत्याच बॉडीत नाही, डी७००० वाल्यांत आहे. बदलून भेटत असंन तर २०११ ची ५० एमएम १.८जी घ्या किंवा वर्गखोली लहान असंन तर २००९ ची ३५ एमएम १.८जी डीएक्स, माझं मत विचाराल तर पस्तीसचीच घ्या, शाळेच्या खोलीत तीच बसते. दोन्हीत मोटर लेन्सच्या आत आहे. अन् नवीन एएफ-पी लिहिलेली झूम कोणी स्वस्तात गळ्यात मारत असंन तर तीही डी३२०० वर फोकस करत नाही, परत तोच फेरा.

दुकानदार परत घेत नसंन तर लेन्स फुकट गेली नाही. मागची ॲपर्चर रिंग २२ वर लॉक करा नाहीतर कॅमेरा एरर दाखवेल, फोकस हातानं फिरवा, व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की दाबा. पोरं स्टेजवर भाषण करताना हलत नाहीत, लेझीमच्या वेळी मात्र हात जोडा.

प्रश्न: मे महिन्यात ताडोब्याला गेलो होतो, मोहर्ली गेटनं. वाघ दिसला राजेहो, पण फोटो असे आले जसे पाण्यातून काढले. कॅननची ५५-२५० आहे. आता भाऊजी म्हणतात ७५-३०० घे, जास्त जवळ येते अन् स्वस्त आहे. घेऊ का?
— एक वाचक, वणी

उत्तर: नका घेऊ. २५० अन् ३०० मध्ये फरक दोन पावलांचा, अन् त्या दोन पावलांसाठी तुम्ही आयएस घालवून बसाल, कारण ती स्वस्त ७५-३०० विना-आयएसची आहे अन् ३०० च्या टोकाला ती मऊ पडते हे सगळ्यांना माहीत आहे. तुमची ५५-२५० जर एसटीएमवाली, २०१३ ची असंन तर स्वस्त झूममध्ये तिच्या तोडीची काच शोधूनही भेटत नाही. माउंट प्लास्टिकचा आहे, हातात घेतली तर खेळण्यासारखी वाटते, पौने चारशे ग्रॅम वजन, पण फोटो पाहा.

पाण्यातून काढल्यासारखं दिसते म्हणता तिथंच उत्तर आहे. तुमची सफारी दुपारची होती ना? चंद्रपूरकडचं मे महिन्याचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या वर, जमीन तव्यासारखी तापलेली, तिच्यावरून हवेच्या झळा उठतात अन् शंभर मीटरवरचा वाघ त्या झळांच्या पलीकडं असतो. वावरात धुऱ्यावर उभं राहून दुपारी दूरचा विजेचा खांब पाहा, तो नाचताना दिसेल. मग लेन्स दोन लाखाची असो. उपाय एकच, सकाळच्या फेरीला जा अन् जनावर जवळ असंन तेव्हाच दाबा.

दुसरं, शटरचा वेग पाहिला का? २५० ला १.६ नं गुणलं की चारशे, म्हणजे निदान एक भागिले चारशे सेकंद पाहिजे, अन् जिप्सीचं इंजिन चालू असंन तर त्याच्याही वर. आयएस तुमचा हात सावरतो, वाघाची चाल नाही सावरत. ड्रायव्हरभाऊला इंजिन बंद करायला सांगा, तेवढ्यानं अर्धं काम होते.

तिसरं, समोर तीनशे रुपयाचा यूव्ही फिल्टर लावून ठेवला असंन तर काढा अन् घराच्या छतावरून समोरच्या मोबाईल टॉवरचा एक फोटो फिल्टरसकट, एक फिल्टर काढून, दोन्ही सकाळी काढा. पन्नासच्या लेन्सवर स्वस्त फिल्टर खपून जातो, लांबच्या झूमवर तो उघडा पडतो. मी स्वतः याच कारणानं एक चांगली झूम विकून टाकली होती, फिल्टर मात्र काढून ठेवला, पुढच्या लेन्सला लावला अन् तीही मऊ निघाली, तेव्हा उजेड पडला. वर्षातून एकदाच जंगलात जात असाल तर मोठी १५०-६०० नागपुरात भाड्यानं भेटते, एका सफारीपुरती आणा, विकत घ्यायचा हट्ट कायले.

प्रश्न: ५८ एमएमची वाईड (जास्त जागा मावणारी) अन् टेली (दूरचं जवळ आणणारी) जोडणी ऑनलाइन स्वस्तात दिसते, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसते. घ्यावी का?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर: नाही. पेपरचा प्रयोग तिच्यावर करून पाहा, मधातलंही अक्षर वाचता येणार नाही.

प्रश्न: आमच्याकडं लेन्सला बुरशी लागली. कपाटात चामड्याच्या कव्हरमध्ये नीट ठेवली होती, डांबराच्या गोळ्याही टाकल्या होत्या. आता उन्हात ठेवू का? कोणी सांगितलं तांदळात पुरून ठेव.
— एक ताई, साकोली

उत्तर: ताई, भंडारा जिल्ह्यात तांदूळ मुबलक आहे म्हणून लेन्स पुरू नका, त्याची भुकटी झूमच्या फटीत गेली की दुसरा आजार. अन् नीट ठेवली हेच चुकलं. चामडं ओल धरते, बंद कपाटात अंधार अन् हवा नाही, झडी लागली की धानाच्या बांधीसोबत कपाटातही पीक येते. डांबराच्या गोळ्यांची वाफ लेन्सला चांगली नाही, त्या साड्यांसाठी ठेवा. उन्हाळ्यातही सुटका नाही बरं का, आपल्याकडं कूलर लावतात, त्या खोलीतली हवा ओली असते अन् कॅमेरा नेमका त्याच खोलीतल्या शोकेसमध्ये असतो.

तंतू फक्त कडेला असतील तर फोटोत फरक दिसत नाही, वापरत राहा, पण बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. मधात आले असतील तर उघडून साफ करावी लागते, अन् बुरशी जास्त दिवस राहिली असंन तर तिच्यातलं आम्ल कोटिंग खाऊन टाकते, मग तंतू पुसले तरी नक्षी राहते. १८-५५ सारखी लेन्स असंन तर साफ करायची मजुरी लेन्सच्या भावाजवळ जाते, तिथं दुसरी घेतलेली परवडते. कडक उन्हात ठेवून नक्षी जात नाही, उलट आतलं तेल पातळ होऊन पाकळ्यांवर येते. उन्हातल्या गाडीच्या डिक्कीत लेन्स सोडणाऱ्यांनीही हे वाचावं.

ठेवायची कशी तर रबराच्या झाकणाचा घट्ट प्लास्टिक डब्बा, त्यात सिलिका जेल, अन् ओलावा दाखवणारं छोटं मीटर टाका. चाळीस ते पन्नास टक्के दाखवलं म्हणजे ठीक. रंग बदलणारं जेल घ्या, रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरा, फक्त ती कढई नंतर स्वयंपाकाला नको. अन् सगळ्यात मोठा उपाय, लेन्स वापरा. रोज बाहेर निघणाऱ्या लेन्सला बुरशी लागलेली मी फार कमी पाहिली.

प्रश्न: दादा, मी पऱ्हाटी घेतो. डोमकळी (अळी लागून मिटलेलं फूल) अन् गुलाबी बोंडअळीचे जवळून फोटो काढून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचे आहेत म्हणजे लोक वेळेवर ओळखतील. मॅक्रो लेन्सचा भाव ऐकून खाली बसलो. कॅनन १८-५५ अन् ५० एसटीएम आहे.
— एक शेतकरी, आर्णी तालुका

उत्तर: दादा, उठा, मॅक्रो लेन्स लागत नाही. डोमकळी तर १८-५५ नंच येते, ५५ वर झूम करा अन् फोकस होईपर्यंत जवळ जा, फ्रेममध्ये सहाएक सेंटीमीटर रुंद जागा येते, पऱ्हाटीचं फूल त्यात भरते. अळी एखाद-सव्वा सेंटीमीटरची, ती मात्र त्यात बारकीशी दिसेल.

तिच्यासाठी पन्नासच्या मागं एक्स्टेन्शन ट्यूब लावा. त्यात काच नसते, पोकळ कडं असते, लेन्स सेन्सरपासून लांब नेते म्हणून जवळचं फोकस होते, अन् काचच नाही म्हटल्यावर काच खराब करायची भीती नाही. ३१ एमएमचं कडं लावलं की फ्रेममध्ये तीनएक सेंटीमीटर जागा उरते, अळीच्या अंगावरचे गुलाबी पट्टे मोजता येतील. घेताना एकच पाहा, आत सोनेरी पिना आहेत का. बिनपिनाचं कडं फार स्वस्त भेटते पण त्यात लेन्सला वीज पोचत नाही, मग ॲपर्चर १.८ वरच अडकते अन् एसटीएमची रिंगही काम करत नाही, म्हणजे काहीच होत नाही. जुनी दोन नंबरवाली असती तर निदान हातानं फोकस झालं असतं. पिनवाल्याचे जास्त पैसे द्या.

ॲपर्चर ८ ते ११, कारण एवढ्या जवळ गेल्यावर फोकसमध्ये जागा केसाएवढी राहते. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा काढा, बोंड फोडून तळहातावर धरा अन् हात बांधाच्या दगडावर टेकवा, पुढंमागं हलून फोकस शोधा. वेचणीच्या दिवसांत लेन्स वावरात बदलू नका, रुईचा तंतू सेन्सरवर बसला की प्रत्येक फोटोत अळीसारखाच दिसतो अन् ग्रुपवर उगाच घबराट होईल.

प्रश्न: मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे फोटो काढतो, झाडीपट्टीची कंपनी पोस्टरसाठी घेते. १८-५५ नं अंधार येतो अन् एलईडी लाइट लावले की आडवे पट्टे. लेन्स बदलली तर पट्टे जातील का?
— एक वाचक, देसाईगंज (वडसा)

उत्तर: अंधार जाईल, पट्टे नाही जाणार. ५५ वर तुमची लेन्स ५.६ च्या वर उघडत नाही, १.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड घेते, म्हणजे जिथं एक भागिले पंधरा शटर भेटत होतं तिथं दीडशे भेटते अन् नायकाची तलवार तलवारीसारखी दिसते. पण झूम नाही, पहिल्या दोन ओळींतच बसावं लागेल.

पट्ट्यांचा लेन्सशी संबंध नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा मिचकतो, डोळ्याला कळत नाही, शटरला कळते. शटर पन्नास किंवा शंभरवर ठेवून पाहा, बहुतेक वेळा पट्टे जातात. डिमरवर मंद केलेले एलईडी मात्र स्वतःच्या तालात मिचकतात, तिथं लाइटवाल्याशी मैत्री करून पोस्टरच्या सीनपुरते ते पूर्ण उजेडावर ठेवायला सांगा. अंधारात एसटीएम फोकस शोधत बसते, तेव्हा चेहऱ्यावर नाही, दागिन्याच्या चमकणाऱ्या कडेवर फोकस धरा, लवकर पकडते.

प्रश्न: आजोबांच्या पेटीत झेनिट कंपनीचा रशियन कॅमेरा सापडला. कॅमेरा बंद आहे, पण लेन्सची काच स्वच्छ दिसते. तिच्यावर हेलिओस ४४-२ लिहिलं आहे. ही आजच्या कॅमेऱ्याला लागते का, की भंगारात द्यावी?
— एक वाचक, चिखली

उत्तर: भंगारवाला गल्लीत आला असंन तर आधी दार लावा. ती ५८ एमएम एफ २ ची लेन्स आहे, वरच्या पहिल्या उत्तरात सांगितलं त्याच घराण्यातली, जर्मन बायोटार लेन्सवरून रशियात केलेली. पूर्ण धातूची आहे, आजच्या स्वस्त लेन्सला तशी बांधणी भेटणारच नाही. तिचा माउंट आट्यांचा, एम४२ म्हणतात. तुमचा कॅमेरा कॅननचा असंन तर काही शे रुपयांचं कडं घेऊन ती बसते अन् दूरवरही फोकस होते. निकॉन असंन तर नाराजी आहे, निकॉनचा सेन्सर माउंटपासून ४६.५ एमएम मागं असतो अन् या लेन्सला साडेपंचेचाळीसच्या आसपास पाहिजे, एक एमएमनं गणित हुकते, म्हणून साध्या कड्यानं फक्त जवळचं दिसेल. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, कोणताही असो, कड्यानं बसते.

सगळं हातानं करायचं आहे. पुढं दोन रिंगा आहेत, एकीनं ॲपर्चरची मर्यादा ठरवायची अन् दुसरीनं उघडझाप, उघडं ठेवून फोकस करा, मग बंद करून दाबा. एफ २ वर कडा मऊ आहेत अन् मागची झाडाची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात, काही लोक त्या फिरण्यासाठीच ही लेन्स शोधत हिंडतात. ५.६ वर मधातून चांगली कडक आहे. ऊन समोरून आलं की फोटो फिका पडतो, तळहाताची सावली धरा. टॉर्च मारून बुरशी पाहून घ्या, इतकी वर्षं पेटीत होती. रिंग जड फिरत असंन तर ग्रीस वाळलं आहे, घरी खोबरेल तेल सोडू नका, हे मुद्दाम लिहितो कारण एकानं सोडलं होतं.

अन् आजी असतील तर पहिला फोटो त्यांचा काढा, चारेक फुटांवरून, खिडकीच्या उजेडात, एफ ४ वर. कॅमेरा कोणत्या साली घेतला अन् त्यासाठी आजोबांनी घरात काय सांगितलं होतं ते त्या फोकस होईपर्यंत सांगतील, अन् हातानं फोकस करायला तुम्हाला तेवढा वेळ लागेलच.